दक्षिणेकडं तोंड करून

गेणभाऊला बसलेलं खडकमाळ गावानं फारसं पाहिलं नव्हतं. लग्नात तो पंगतीच्या कडेला उभा, मयतीला लाकडांच्या व्यवस्थेला उभा, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला तर दर खेपेला उभाच. शेवटच्या खेपेला सावळारामनं त्याला पाडलं, तेव्हा लोकांना वाटलं, आता तरी हा माणूस ओसरीवर दोन घटका टेकेल. कुठलं काय! सरपंचकी गेली तशी पायांची भिंगरी वाढली. सकाळी डेअरीवर, मग शाळेत, मग तालमीत. कुठं एखादं अध्यक्षपद मोकळं पडलंय का, ते हुंगत माणूस दिवसभर फिरायचा. पण देवळाच्या समितीवर सावळारामचा मेव्हणा, पतपेढीवर सावळारामचा साडू.

"ह्या माणसाला पावणं तरी किती!" गेणभाऊ चिडायचा. पावणे त्यालाही कमी नव्हते. फक्त ते सगळे एकाच निकालात खाली उतरले होते.

त्यात खोडदचं दुखणं होतं. नारायणगावहून घराकडं येताना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या दिसायच्या, आभाळाकडं तोंड करून कान देऊन बसलेल्या. देशोदेशीची विद्वान माणसं तिथं यायची आणि तिथूनच माघारी फिरायची. खडकमाळपर्यंत कुणी पोचत नव्हतं. एकदा एक गोरा माणूस आला होता, पण तो वाट चुकला होता.

अशात दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात भागुजीची अमृता गावी आली. भागुजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. गावाच्या दक्षिणेला बौद्ध वस्तीत त्याचं घर. मुलगी बीएस्सी झाली आणि शहरातल्या एका तारांगणात व्याख्यात्यांची मदतनीस म्हणून लागली. तिथं आता संगणकावर चालणारं नवं यंत्र येणार होतं, आणि जुनं यंत्र एखाद्या खेड्याला द्यायचं घाटत होतं. अमृतानं ही बातमी घरी बापाला सांगितली. बापानं पारावर सांगितली. पारावरून ती गेणभाऊकडं जायला किती वेळ लागणार? तो पारावरच उभा होता.

"तारांगण म्हंजी काय गं?" त्यानं अमृताला रस्त्यातच गाठलं.

"गोल घुमटाची खोली असते, भाऊ. मधोमध यंत्र. अंधार केला की घुमटावर आख्खं आभाळ उमटतं."

"आन खोडदला हे न्हाई?"

"नाही. तिथं आभाळ ऐकतात. दाखवत नाहीत."

गेणभाऊला एवढं पुरलं. आठवड्याच्या आत खडकमाळ तारांगण समिती उभी राहिली. अध्यक्ष कोण, हे सांगायला नको. जागा त्यानं स्वतःची दिली. तिथं कुसळसुद्धा विचार करून उगवायचं, हे खरं. पण दिली ती दिली. माणसाच्या जमेच्या बाजूला जे आहे ते मांडायला हवं, कारण पुढं खर्चाची बाजू यायची आहे.

जुन्या यंत्राचा कारभार वर्तक नावाचे एक साहेब बघत. उंच, वाळलेले, आयुष्य अंधारात गेल्यामुळं उजेडात डोळे बारीक करून बोलणारे. त्यांनी जागा पाहिली आणि अट घातली. यंत्र दिवाळीपर्यंत बोलीवर मिळेल. मग ते स्वतः येऊन एक खेळ बघतील, लोकांत बसून. खेळ नीट झाला तर यंत्र कायमचं गावाचं. नाही झाला, तर दुसऱ्या जिल्ह्यातली एक शाळा घुमट बांधून वाट बघत बसली आहे, तिकडं जाईल.

"आन तुमी काय करणार त्या घुमटाचं, यंत्र गेल्यावर?" सावळारामनं भर पारावर विचारलं. "कांदा लई चांगला टिकंल राव त्यात. खिडकी न्हाई, ऊन न्हाई. ग्रामपंचायत घेईल चालवायला. अध्यक्ष तुमालाच ठेवू, कांद्याचे."

पार हसला. गेणभाऊही हसला, पण त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घुमट बांधायचा म्हणजे काय, हे वर्तकसाहेबांनी चित्रं दाखवून समजावलं. पहिलावहिला असा घुमट जर्मनीत एका कारखान्याच्या गच्चीवर झाला. लोखंडाची जाळी विणली आणि तिच्यावर सिमेंटचा पातळ थर दिला, अंड्याच्या टरफलासारखा. मिस्त्री देवळांची शिखरं बांधणारा. त्यानं चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "जर्मनीचं ऱ्हाऊ द्या, जुन्नरला सौदागर घुमट हाय, तो बघून येतो." मग अमृता म्हणाली, जायचंच तर तुळजालेणीपण बघून या. तिथं दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी डोंगराच्या पोटात गोल चैत्य कोरलाय, बारा खांब आणि वर दगडाचाच घुमट. मिस्त्री दोन्ही बघून आला. तेव्हापासून तो कमी बोलायला लागला आणि काम मात्र बरं करायला लागला. त्याची एकच हौस राहिली, वर कळस बसवायची. कळसाशिवाय घुमट त्याला टक्कल केल्यासारखा दिसायचा. वर्तकसाहेबांनी नको म्हटलं, आणि आत पांढरा रंग देताना एवढंसुद्धा खडबडीत ठेवू नका म्हणून बजावलं.

गावानं नवं बांधकाम आपल्या पद्धतीनं पचवलं. लोक चपला बाहेर काढून आत जायचे. यंत्र बसलं, दोन डोक्यांच्या मुंगळ्यासारखं, मध्ये बारीक कंबर. त्याला बायका लांबून हात जोडायच्या. "आज्जी, देव नाही तो," अमृता सांगायची. "नसंना का," आजी म्हणायची, "जोडले हात तर काय झिजत्यात?"

मग खुर्च्या आल्या, आणि तिथं पेच पडला.

खुर्च्या एका बंद पडलेल्या टॉकीजच्या होत्या. मिस्त्रीनं त्यांच्या पाठी मागं रेलत्या करून घेतल्या. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीच्या पाठीवर गेणभाऊनं पांढऱ्या रंगात 'अध्यक्ष' असं लिहून घेतलं. यंत्र बसवणारी माणसं काम करून शहरात परत गेली होती, जाताना आराखडा ठेवून. खुर्च्या जमिनीला बोल्टनं आवळायच्या त्या दिवशी गेणभाऊनं आराखड्यात डोकं घातलं.

"ही तोंडं कुणीकडं हायेत खुर्च्यांची?"

"दक्षिणेला," अमृता म्हणाली.

गेणभाऊनं आराखडा खाली ठेवला. त्याच्या घरात दक्षिणेकडं तोंड करून जेवायची मुभा फक्त कावळ्याला होती, तीही पितृपक्षात. "म्हंजी मी, अध्यक्ष, पयल्या रांगंत, यमाच्या दिशेला तोंड करून बसू? माझं काय सराद घातलंय का?"

"भाऊ, आपल्याकडनं सूर्य, चंद्र, ग्रह सगळे दक्षिणेच्या अंगानं जातात. बघायचं ते सगळं तिकडंच आहे."

"मग त्यांना उत्तरंला फिरव. यंत्र कशाला हाय मग?"

"आणि दक्षिणेला आमची घरं आहेत," अमृता शांतपणे म्हणाली. "यम कधी दिसला नाही. मतं मागायला तुम्ही मात्र दिसलात."

मिस्त्रीनं तोंड फिरवून पान्हा शोधायला सुरुवात केली. पान्हा त्याच्या हातातच होता.

पूर्व सर्वांत चांगली, पण पूर्वेला मिस्त्रीनं दार ठेवलं होतं, देवळासारखं. पश्चिमेला आत विजेची पेटी आणि वायरींचा गुंता. राहिली उत्तर. उत्तर म्हणजे कुबेराची दिशा, असं मिस्त्रीनं सांगितलं, आणि गेणभाऊच्या कपाळावरची आठी मोडली. सगळ्या खुर्च्या उत्तरेकडं तोंड करून आवळल्या. अमृतानं पुन्हा सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "बघू." राजकारणात इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडी 'बघू'चा अर्थ काय, ते मतदारांना ठाऊक असतं.

यंत्र चालवायला साहेबांनी अमृतालाच गावात ठेवलं, आणि खेळ सुरू झाले. शाळेची पोरं यायची, नारायणगावच्या बाजाराला माल घालून परतणारे गाडीवान यायचे. अमृता सूर्य मावळवायची, चांदण्या उजळायची, आणि लोकांच्या डोळ्यांपुढं एक ध्रुव तारा एका जागी खिळ्यासारखा ठोकलेला, भोवती चार-दोन तारे जात्याच्या पाळीसारखे सावकाश फिरणारे. बाकी सगळी गंमत डोक्यामागं. चंद्र मागं, गुरू मागं, मृग मागं. पोरं खुर्चीवर गुडघे टेकून उलटी बसायची. म्हाताऱ्या माना वळवून बघायच्या आणि घरी जाऊन मानेला तेल लावायच्या. गेणभाऊ मधल्या खुर्चीवर ताठ बसायचा, ध्रुवाकडं बघत. थोड्याच वेळानं त्याचा पाय हलायला लागायचा. मग तो उठून बाहेर जायचा, दारातून उजेडाचा पट्टा आत पडायचा, आणि सगळं आभाळ फिकट व्हायचं.

"लई भारी," तो बाहेर येणाऱ्यांना विचारायचाही नाही, सांगायचा.

दिवाळी जवळ आली. वर्तकसाहेबांचा निरोप आला, रविवारी येतो. अमृता तडक गेणभाऊच्या घरी गेली. कुशाबाई, म्हणजे गेणभाऊची बायको, ओट्यावर भुईमूग फोडत होती.

"भाऊ, रविवारी साहेब येतायत. त्यांनी खुर्च्या बघितल्या की संपलं. यंत्र जाणार."

"तुझं काय जातंय पोरी? तुला दुसरी नोकरी गावंल."

"साहेब म्हणालेत, यंत्र जिथं जाईल तिथं तू जा. माझं काहीच जात नाही. तुमचा घुमट कांद्याचा होईल."

गेणभाऊ ओट्यावरून उठला, अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. कुशाबाई शेंग फोडत म्हणाली, "बसा की एका जागी. अंगणाला खड्डा पडंल."

"खुर्च्या न्हाई हलवायच्या," तो म्हणाला. "माझ्या बापानं जन्मात दक्षिणेला तोंड क्येलं न्हाई."

"गेले तवा कुणीकडं निजवलं व्हतं?"

"कुशे, तू गप."

अमृतानं वाटेत एक तोड काढली होती. यंत्राची बैठक अर्धा वळसा फिरवायची. म्हणजे यंत्राची दक्षिण उत्तरेच्या भिंतीवर पडेल. लोक कुबेराकडं तोंड करून बसतील आणि त्यांना दिसेल मात्र दक्षिणेचं आभाळ. बंद घुमट, खिडकी नाही. आत कुणाला कळणार आहे, खरी दिशा कुठली? शहरात तर कुणालाच कळत नाही.

गेणभाऊ इतका खूश झाला की त्यानं चहा करायला सांगितला आणि तो प्यायला थांबलासुद्धा.

गुरुवारी संध्याकाळी यंत्र फिरवलं आणि गावातल्या जुन्याजाणत्यांना खेळ बघायला बोलावलं. कुशाबाई आली. तिचं माहेर तळेघर. भीमाशंकरच्या बाजूचा डोंगराळ मुलूख, एसटी एखादी, बाकी सगळं पायांवर. लहानपणापासून धुक्यातून, रानातून चाललेली बाई. तिला डोळे बांधून गरगर फिरवलं तरी ती माहेराकडं बोट दाखवू शकायची. शेजारची म्हातारी लंकाबाई आली, सावळारामही आला, त्याला नको म्हणायची सोय नव्हती.

दिवे गेले. अमृताचा आवाज अंधारात आला, सावकाश, ठरवलेल्या चालीचा. "आता पहाट होतेय. डावीकडं बघा, क्षितिज उजळतंय. आणि हा उगवला आपला सूर्य."

घुमटाच्या डाव्या कडेवर तांबूस गोळा वर आला. मग कुशाबाईचा आवाज आला.

"अगं बाई! सूर्य नारायणगावाकडनं उगावला!"

"काय म्हंतीस?" गेणभाऊनं विचारलं.

"नगराकडनं उगवायचा तर हा नारायणगावाकडनं वर आला! दार ऱ्हायलं मागं, उजव्या हाताला. दार पूर्वेला हाय का न्हाई? मग हा पश्चिमेला कसा?"

खुर्च्या करकरल्या. लोक दाराकडं बघायला लागले, मग सूर्याकडं, मग पुन्हा दाराकडं. लंकाबाईनं डोळे मिटून घेतले. "मला गरगरतंय. पोटात ढवळतंय. थांबवा तो सूर्य!"

"सरपंच," अंधारातून कुणीतरी ओरडलं, "सूर्य तालुक्याला जाऊन सही घेऊन आला वाटतं!"

"न्हाई, मधल्या बसनं आला!"

अमृता सांगत राहिली, शेतकऱ्याचं आभाळ, नक्षत्रं, पाऊस. पण ज्यांचं सगळं जगणं दिशांवर चालतं, वारं कुठनं आलं, पाणी कुठं काढलं, बैल कुणीकडं तोंड करून बांधले, त्यांना एकदा पूर्व हरवली की कशातच गोडी लागेना. खेळ संपून बाहेर आल्यावर तर आणखी घोळ. चार माणसं वस्तीकडं जायला निघाली आणि उसात शिरली. लंकाबाई सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती आणि दर वळणावर विचारत होती, "हा रस्ता खरा हाय का दावलेला?"

सावळाराम शेवटी बाहेर आला. "गेणभाऊ," तो म्हणाला, "कांद्याला दिशेचं काय न्हाई हां. कुणीकडं तोंड करून ठेवा."

शुक्रवार गेणभाऊनं पायांवर काढला. डेअरी, पार, फाटा, घुमट. घुमटात तर आत-बाहेर, आत-बाहेर. शेवटी अमृताच पान्हा घेऊन आली आणि दारात उभी राहिली.

"चूक माझीपण झाली," ती म्हणाली. "मला वाटलं कळणार नाही. आता एकच उरलंय. यंत्र होतं तसं, आणि खुर्च्या आराखड्यात आहेत तशा."

गेणभाऊनं खूप वेळ 'अध्यक्ष' या अक्षरांकडं पाहिलं. "फिरवा," तो म्हणाला. "पर मी बसणार न्हाई. मी दारात उभा ऱ्हाईन. व्यवस्थेला."

शनिवारी खुर्च्या फिरल्या, आणि ती बातमी त्याआधीच गावात फिरली. अध्यक्षच बसणार नाही म्हटल्यावर बाकीचे कशाला बसतील? ज्या लोकांनी दिशेचा कधी विचारही केला नव्हता, त्यांना एकाएकी आपापले वाडवडील आठवले. कुणाच्या पोराचं लग्न ठरायचं होतं, कुणाची सून बाळंतपणाला आलेली, कुणाच्या विहिरीला पाणी लागायचं होतं. अशा ऐन वेळी यमाकडं तोंड कोण करणार? बघायला येतो, मागं उभं राहतो, असं सगळे म्हणाले. सावळाराम तर म्हणाला की साहेबांचं स्वागत ग्रामपंचायतीतर्फे तो स्वतः करेल, उभ्यानं.

हे सगळं अमृतानं घरी जेवताना सांगितलं. भागुजीनं घास खाली ठेवला. आयुष्यभर गाडीत उभ्या माणसांना बसायला जागा करून देणारा माणूस. रिकामी सीट आणि उभे पॅसेंजर हे एका ठिकाणी त्याला बघवायचं नाही.

"म्हंजी सीटा रिकाम्या जाणार?"

"हो, दादा."

"पयली रांगसुदिक?"

"ती तर आधी."

"जानका," भागुजी बायकोला म्हणाला, "उद्या लवकर आवर. वस्तीत सांग सगळ्यांना. पांढऱ्या साड्या काढा."

जानकाबाईनं विचारलं, "त्यांना चालंल का?"

"खुर्च्या त्यांनी सोडल्यात," भागुजी म्हणाला. "आपुन काय वढून घेतल्यात?"

रविवारी वर्तकसाहेबांची गाडी फाट्यावर आली तेव्हा गेणभाऊ हार घेऊन तिथंच होता. त्याला घुमटापाशी थांबवत नव्हतं. तो साहेबांना घेऊन आत आला आणि दारातच थबकला. पहिली रांग भरलेली होती. पांढऱ्याशुभ्र साड्या, इस्त्रीचे सदरे. मधल्या खुर्चीत जानकाबाई बसली होती, हातात पिशवी, पाठीमागं पांढऱ्या अक्षरांत 'अध्यक्ष'. शेजारी भागुजी, कुणी यायचं राहिलं का ते मागं वळून बघत. दुसरी रांगही निम्मी भरलेली. आणि गावातली बाकी मंडळी भिंतीला टेकून उभी, सावळाराम सगळ्यांच्या पुढं.

"वा," वर्तकसाहेब डोळे बारीक करून म्हणाले. "पहिली रांग वेळेवर बसलेली मी शहरातपण पाहिली नाही."

गेणभाऊनं ती अक्षरं पुन्हा वाचून पाहिली. यमाचं काय ते राहिलं बाजूला; साहेबांच्या डोळ्यांदेखत, त्याच्या घुमटात, त्याच्या जागेवर, त्याच्या अक्षरांना टेकून दुसरं कुणीतरी बसलं होतं, आणि त्याला उठवायचं कशाच्या जोरावर? परवा त्यानंच अमृताला सांगितलं होतं, मी बसणार नाही, आणि ते गावभर झालं होतं. त्यानं भागुजीकडं पाहिलं. भागुजीनं हात जोडले. "जयभीम, भाऊ. या ना. मागं जागा हाय."

"उभं कुणी राहायचं नाही," वर्तकसाहेब म्हणाले. "माणसं हलली, दार उघडलं, की उजेड येतो. एकतर बसा, नाहीतर बाहेर थांबा."

भिंतीपाशी चुळबुळ झाली. बाहेर थांबायचं म्हणजे वस्ती आत आणि गाव बाहेर. हा हिशेब गावाला पटकन कळला. दिशेचा कळायला वेळ लागला असता. कुशाबाई नवऱ्याकडं न बघता सरळ दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. तिच्यामागनं लंकाबाई. "आता सूर्य नीट उगवणार असंल तरच," ती बजावून बसली. मग एकेक करून बाकीचे. सावळारामनं जागा शोधायला जो वेग दाखवला, तो त्यानं गावाच्या नळयोजनेत कधी दाखवला नव्हता.

गेणभाऊ उभाच. "अहो," कुशाबाई म्हणाली, शेजारच्या खुर्चीवर थाप मारत, "या. यम आला तर म्हणीन, ह्यांना सभा हाय, नंतर या."

तो बसला. दिवे गेले तसे त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

अमृताचा आवाज सुरू झाला. तिनं शनिवारी काळे पुठ्ठे कापून घुमटाच्या कडेला गावाचं क्षितिज लावलं होतं: देवळाचं शिखर, पाण्याची टाकी, बाभळी, घरांची कौलं. आता त्या कडेमागून उजेड आला. लोकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला, कुणीतरी म्हणालं, "आपली टाकी!" आणि कुशाबाई म्हणाली, "उगावला. नगराकडनंच उगावला बाई." लंकाबाईनं मोठ्यानं श्वास सोडला.

डोळे मिटून बसणं गेणभाऊला किती वेळ जमणार? आजूबाजूला माणसं हसत होती, बोटं दाखवत होती, आणि कशाला ते त्याला कळत नव्हतं. सगळ्या गावाला काहीतरी ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, हे त्याला निवडणुकीच्या निकालाच्या दिवसानंतर पुन्हा सोसणार नव्हतं. त्यानं एक डोळा उघडला.

सूर्य मावळून गेला होता. समोर काळी कौलं, आणि त्यांच्यावरून चंद्र चालला होता. मागोमाग गुरू, मग तांबडा मंगळ, मग मृगाचा अख्खा चौकोन तिरका वर चढत. खाली, क्षितिजाला अगदी खेटून, एक मोठा पांढरा तारा. "हा अगस्ती," अमृता म्हणाली, "फक्त दक्षिणेकडं तोंड करणाऱ्यालाच दिसतो." सगळं एकामागोमाग एक, शिस्तीत, डावीकडून उजवीकडं, आणि सगळं त्याच कौलांवरून.

गेणभाऊनं दुसरा डोळा उघडला. ती कौलं त्यानं ओळखली. तो पुढं वाकला.

"भागुजी," तो हळूच म्हणाला, "ही तुमची वस्ती का रे?"

"व्हय भाऊ. ते माझं घर. कोपऱ्यावर."

"आन सगळे ग्रह तुमच्यावरनंच जात्यात?"

"रोज," भागुजी म्हणाला.

"आन माझं घर कुठं हाय?"

"तुमच्या मागं. ध्रुवापाशी. तिथं काय हलत न्हाई."

गेणभाऊ मागं रेलून पुन्हा कौलांकडं बघायला लागला. त्याचा पाय, जो बसला की हलायला लागायचा, तो या खेळात थांबला होता की नाही हे कुशाबाईनंही बघितलं नाही. ती वर बघत होती.

दिवे लागले. वर्तकसाहेब उठून यंत्राभोवती एक फेरी मारून आले. खुर्च्यांकडं, भिंतीकडं, कडेच्या काळ्या पुठ्ठ्याकडं त्यांनी पाहिलं. "यंत्र इथंच राहील," ते म्हणाले. "चाव्या अमृताकडं. कुणाची काही तक्रार?"

सगळ्यांनी गेणभाऊकडं पाहिलं, कारण तक्रार करायची तर ती त्यालाच शोभली असती. तो उभा राहिला, घसा साफ केला.

"तक्रार हाय," तो म्हणाला. "मागच्या रांगंतनं नीट दिसत न्हाई. पुढच्याचं डोकं मधी येतं. गुरू सगळा जानकाबाईच्या अंबाड्यामागं गेला."

"मग लवकर यायचं," जानकाबाई म्हणाली.

"दुसरा खेळ कितीला?"

"तासाभरानं," अमृता म्हणाली. "पाव्हण्यांचा चहा झाला की. मधे सगळ्यांनी बाहेर."

लोक बाहेर पडले. ज्याला जिकडं जायचं होतं तिकडंच गेले, उसात कुणी शिरलं नाही. साहेबांना घेऊन सावळाराम चहाला पुढं निघाला, स्वागत करत. अध्यक्षानं त्याच्याही पुढं असायला हवं होतं. पण गेणभाऊ दारापर्यंत गेला, थांबला, मागं वळला. खांद्यावरचा टॉवेल काढून, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा त्यानं पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर टाकला. तिथं जानकाबाईची पिशवी आधीच होती.

त्यानं इकडं-तिकडं पाहिलं. टॉवेल उचलला, शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मग टॉवेलावर विश्वास नको म्हणून स्वतःच त्यावर बसला, दक्षिणेकडं तोंड करून, रिकाम्या पांढऱ्या घुमटाखाली.

बाहेरून कुशाबाईनं हाक मारली, "अहो, चहा!"

"हिकडंच पाठव," तो म्हणाला. "मी उठणार न्हाई."